घराच्या तयारीच्या दोन तिथी

आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण राजांचं आणि लढायांचं नाही. आपल्या डोक्यावरचं छप्पर, दारातली गाडी आणि वादळाच्या आधी करायची तयारी, यांचा हा इतिहास आहे.

रावेर तालुक्यातल्या कुठल्याही गावात एखाद्या वयस्क बाईला विचारा, घराची डागडुजी कधी करायची? ती लगेच सांगेल, आखाजी झाली की हात लावायचा आणि मृग लागायच्या आत काम संपवायचं. सरपण आत घ्यायचं, गोवऱ्या झाकायच्या, पापड-कुरडया डब्यात भरायच्या, पन्हळी साफ करायच्या. सगळं तिला पाठ असतं. आता दुसरा प्रश्न विचारा. हिवाळ्याच्या आधी घराची काय तयारी करायची? ती म्हणेल, गोधड्यांना ऊन द्यायचं. बस, त्यापुढे काही नाही.

असं का झालं? पावसाळ्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, मग हिवाळ्यातल्या गारपिटीसाठी आणि वादळासाठी का नाही? हाच आज समजून घ्यायचा प्रश्न आहे. कारण नुकसान आता दोन्ही बाजूंनी येतं आणि आपली तयारी मात्र एकाच तिथीवर उभी आहे.

धाब्याचं घर

आपलं रावेर सातपुड्याच्या पायथ्याशी. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापी, पूर्वेला बुऱ्हाणपूरची वाट. या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या जाड. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. कड्यांवर लाकडाच्या फोडी किंवा काड्या अंथरायच्या, त्यावर पाला नाहीतर गवत, आणि वर मातीचा वीतभर थर. सगळ्यांत वर खारवट पांढरी माती. ही खारवट माती उगीच निवडलेली नव्हती. ओली झाली की तिचे कण फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. पुस्तक न वाचता आपल्या माणसांना हे ठाऊक होतं.

पण या छपराला दरवर्षी हात लावावा लागे. उन्हाळ्यात धाब्याला भेगा पडत. त्या बुजवायच्या, नवी माती पसरायची, लाकडी चोपण्यानं चोपायची, उतार पन्हळीकडे राहील असं बघायचं. माती टोपल्यांनी वर चढवायला घरातली सगळी माणसं लागत. भिंती लिंपणं, सारवणं, चोपणं यातलं बरंचसं काम बायकांच्या हातचं. पहिला पाऊस पडला की धाब्यावर चढून कुठे गळतं ते बघायचं आणि तिथे लगेच माती दाबायची.

डोंगरातल्या पाड्यांवर घर वेगळं. तडवी, पावरा, भिल्ल यांच्या वस्तीत बांबूचा नाहीतर काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवत किंवा नळीची कौलं. गवत हिवाळ्यात कापून ठेवायचं आणि पावसाच्या आधी छप्पर शाकारायचं. घर हलकं, पण कूड आणि छप्पर एकमेकांना वाखाच्या दोऱ्यांनी बांधलेले. वारा आला तर घर थोडं हलेल, पण एकदम उडणार नाही.

दोन्ही घरं वेगळी असली तरी तयारीची तिथी एकच होती. पावसाच्या आधी.

हे काम किती मोठं होतं, याची नोंद मात्र कुठे नीट झाली नाही. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश ताब्यात घेतला. १८८० साली खानदेशाचं जाडजूड गॅझेटिअर छापलं गेलं. त्या काळच्या सरकारी कागदांत नांगर मोजले, गाड्या मोजल्या, बैल मोजले, म्हशी मोजल्या. धाबं सारवणाऱ्या हातांसाठी मात्र रकाना नव्हता. ज्या कामावर सगळं गाव चार महिने कोरडं झोपत होतं, ते काम बायकांच्या घरकामात जमा झालं आणि घरकाम म्हणजे काम नाही, असं धरलं गेलं.

पावसात वाट बंद, हिवाळ्यात वाट मोकळी

आता गाडीकडे वळू. रेल्वे यायच्या आधी आपला भाग एका मोठ्या रस्त्यावर होता. सुरत बंदरातून निघालेला माल तापीच्या खोऱ्यानं बुऱ्हाणपूरला जायचा आणि तिथून असिरगडाच्या खिंडीतून सातपुडा ओलांडून आग्र्याकडे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो याच खोऱ्यातून १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला पोचला. महिना लक्षात ठेवा. नोव्हेंबर, म्हणजे पावसाळा संपून वाटा वाळल्यानंतरचा.

त्याचं कारण आपल्या काळ्या मातीत आहे. पावसात या जमिनीत गाडीचं चाक आखापर्यंत रुतायचं. बंजाऱ्यांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन मीठ, धान्य, कापूस वाहायचे, तेही पावसाळ्यात मुक्काम करून राहायचे. तेव्हा गाडीची पावसाळी तयारी म्हणजे गाडी सोडून ठेवायची. चाकं काढून आडोशाला ठेवायची, जू आणि दोर वर टांगायचे. दसरा-दिवाळी झाली की गाडी पुन्हा जुंपायची. उन्हानं लाकूड आकसलं की चाकाची लोखंडी धाव सैल व्हायची, म्हणून चाकं पाण्यात भिजत घालायची. आखाला वंगण द्यायचं. दमणीवर छत बांधायचं. मग लेकी-सुना माहेरी निघायच्या, जत्रा भरायच्या, बाजार चालू व्हायचे.

म्हणजे हिवाळा हा आपल्याकडे भीतीचा ऋतू नव्हताच. तो निघण्याचा, भेटण्याचा, लग्नं ठरवण्याचा, कपाशी विकण्याचा, शेतात भरताच्या पंगती बसवण्याचा ऋतू होता. थंडी असायची, पण आभाळ भरवशाचं.

हा भरवसा किती होता, ते एका मोठ्या प्रसंगावरून दिसतं. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आपल्या शेजारच्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी सजावट केली, ती बांबू, चटया अशा खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनी. हजारो माणसांसाठी डिसेंबरात उघड्या माळावर बांबूचं गाव उभं राहिलं. जूनमध्ये असं कुणी केलं नसतं. डिसेंबरात केलं, कारण डिसेंबरातलं आभाळ दगा देणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती.

आपल्याकडे हिवाळ्याच्या वादळाची तयारी का नाही, याचं उत्तर इथे आहे. आपल्या आज्या आळशी नव्हत्या. त्यांनी धोका जिथे होता तिथे तिथी लावली. पूर आले ते पावसात. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेला महापूर आला आणि धुळ्याची मोठी हानी झाली. तापीनं गावं हलवली तीही पावसात. गारपीट तेव्हाही व्हायची, कडाक्याची थंडीही पडायची. पण धाब्याच्या वीतभर मातीवर गारा पडून विरघळून जायच्या. उघड्यावरच्या पिकाचं, गुरांचं नुकसान व्हायचं. घराचं फारसं व्हायचं नाही.

पत्रा आला आणि हिशेब बदलला

मग छप्पर बदललं. नालीदार पत्र्याचा शोध इंग्लंडमध्ये लागला. लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरानं १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. सपाट पत्रा वाकतो, नाली पाडली की तोच पत्रा ताठ राहतो, एवढीच ती युक्ती. हलका, स्वस्त, चढवायला सोपा. आगबोटीतून तो जगभर गेला. आपल्या भागातून रेल्वे गेल्यावर, आणि १८७० साली मुंबई ते कोलकाता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेल्यावर, असा माल आत येणं सोपं झालं. आधी गोदामं, जिनिंगच्या शेड, सरकारी इमारती यांच्यावर पत्रा बसला. गावातल्या घरांवर तो फार नंतर आला.

आपण धाबं का सोडलं, तेही नीट बघू. जंगल राखीव झालं, सागाची तुळई परवडेना. वर्षाला माती घालायला माणसं मिळेनात. धाब्यात उंदीर, विंचू, साप. पावसाची झड आठ दिवस लागली की भिंत खचायची, माणसं दबायची. जड छपराचा दुसरा धोका महाराष्ट्रानं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला पाहिला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं भूकंपात कोसळली आणि हजारो माणसं झोपेत गेली. म्हणून जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. बाईच्या कमरेला विचारा, धाब्यावर मातीची टोपली चढवणं काय असतं ते.

पण प्रत्येक छपराचा आपला एक शत्रू असतो. धाब्याचा शत्रू पाऊस आणि भूकंप. पत्र्याचा शत्रू वारा. जोराचा वारा छपरावरून गेला की वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. खालून, पडवीच्या उघड्या बाजूनं वारा आत शिरला की तो पत्र्याला वर ढकलतो. वरून ओढ आणि खालून धक्का, दोन्ही एकदम. सिमेंटच्या पत्र्याला गारांचाही धोका. मोठी गार पडली की तो फुटतो आणि तुकडे खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात.

यावर आपण काय उपाय केला? पत्र्यावर दगड ठेवले. सातपुड्याच्या कडेनं कुठल्याही वस्तीत जा, पत्र्यावर दगड, जुने टायर, लाकडाचे ओंडके दिसतील. मैत्रिणींनो, हा उपाय नाही. साधा वारा असेल तोवर दगड पत्रा धरतो. वादळ आलं की पत्रा दगडासकट उचलला जातो आणि तोच दगड घरातल्या नाहीतर शेजारच्या माणसाच्या डोक्यावर पडतो. धाब्याच्या काळात वजन म्हणजे सुरक्षा होती. ती समजूत आपण पत्र्यावर तशीच चढवली. छप्पर बदललं, पण छपराची तयारी बदलली नाही.

बर्फ तिकडे, गारा इकडे

आता आभाळाकडे पाहू. हिवाळ्यात आपल्याकडे गारा कुठून येतात? भूमध्य समुद्राच्या बाजूनं हवेचे काही पट्टे पूर्वेकडे सरकत येतात. हवामान खातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. ते हिमालयाला धडकले की काश्मीर, हिमाचलात बर्फ पडतो. ते पुढे सरकले की उत्तरेची गार हवा खाली उतरते आणि एक-दोन दिवसांत आपल्याकडे थंडी वाढते. सातपुड्याच्या उंच भागात, नंदुरबारकडच्या तोरणमाळ आणि डाब परिसरात, अशा वेळी गवतावरचं दंव गोठलेलं सापडतं. आणि कधी हीच वरची गार हवा समुद्रावरून आलेल्या ओल्या हवेवर चढते, तेव्हा ढग उंच वाढतात, विजा कडाडतात आणि गारा पडतात. म्हणजे तिकडे डोंगरात बर्फाचं वादळ झाल्याची बातमी आली, तर ती दूरची बातमी समजू नका. आपल्यासाठीही ती सावध होण्याची खूण असू शकते.

२०१४ साल पुष्कळजणींना आठवत असेल. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा, फळबागा गेल्या. गुरं, पक्षी मेले. घरांचे पत्रे फुटले. गार किती घातक असते, याची जगातली सर्वांत मोठी नोंद आपल्याच देशातली आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद भागात गारपिटीत २४६ माणसं दगावली. ती माणसं उघड्यावर सापडली होती.

हवामान खातं आपल्या देशात १८७५ साली सुरू झालं. शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून हवामानाची माहिती द्यायला १९४५ साली सुरुवात झाली. पुढे आकाशवाणीवरचं शेतीचं बोलणं घरोघर ऐकलं जाऊ लागलं. आता फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ आणि शेतीसाठी ‘मेघदूत’ अशी ॲप आहेत. पण फोन बहुतेक घरांत कुणाच्या खिशात असतो? घरातल्या पुरुषाच्या. तो शेतात नाहीतर गावाला गेलेला असतो आणि घरात, खळ्यावर, केळीच्या बागेत बाई असते. इशारा तिच्यापर्यंत पोचला नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून हिवाळ्यातही गटातल्या एकीनं तरी रोज हवामानाची बातमी ऐकायची आणि बाकीच्यांना कळवायची, ही जबाबदारी ठरवून द्यायला हवी.

ट्रकचा हिवाळा

रावेरचं नाव केळीमुळे दूर गेलं. रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवरून केळीचे डबे उत्तरेला जायचे, आता बराच माल ट्रकनं जातो. दिल्ली, पंजाब, हरियाणा, पार जम्मूपर्यंत. केळं हे उबदार प्रदेशाचं फळ. १३ अंशांच्या खाली ते फार वेळ राहिलं की साल काळवंडते, आतून नीट पिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडची रात्र याच्या कितीतरी खाली असते. म्हणून ट्रकमध्ये खाली आणि बाजूंना केळीचा पाला, पेंढा, कागद लावायचे, वर ताडपत्री दुहेरी बांधायची, ही जुनी रीत. फण्या धुणं, पुसणं, फोम लावणं, खोक्यात भरणं ही कामं अनेक ठिकाणी बायका करतात. पहाटेच्या थंडीत पाण्यात हात घालून भरलेला माल वाटेत गारठला, तर त्यांची मेहनतही वाया जाते.

ट्रकबरोबर आपल्याच घरातला मुलगा, नवरा, भाऊ जातो. त्याच्या तयारीचा विचार आपण करतो का? उत्तरेत या दिवसांत धुकं इतकं दाट असतं की दहा हातांवरचं दिसत नाही. गाडीच्या मागे चमकणारी पट्टी, चालू दिवे, काच पुसायचं वायपर, टायरची नक्षी, हे निघायच्या आधी बघायचं. धुकं आलं की गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोलपंपावर किंवा ढाब्यावर उभी करायची. जम्मूच्या पुढे बर्फ पडला की रस्ता बंद होतो आणि गाड्या दिवसेंदिवस अडकतात. घोंगडी, कोरडं खाणं, पाणी, औषध जवळ हवं. फार थंडीत साधं डिझेलही गोठू लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, यावरून तिकडच्या थंडीचा अंदाज करा.

आणि एक गोष्ट घरालाही लागू आहे, ट्रकलाही. बंद खोलीत किंवा बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. कोळशाच्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. जुन्या धाब्याच्या घरात छपराला धुरासाठी, उजेडासाठी भोक असायचं. आजच्या खोलीत थंडी अडवायला आपण फटी प्लास्टिकनं बुजवतो आणि धूर आत कोंडतो. शेक घ्यायचा तर दार उघडं ठेवून घ्यायचा. झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढून विझवायची.

ज्यांचा अख्खा हिवाळाच गाडीत आणि पालात जातो, त्यांनाही विसरायला नको. खानदेशातून, सातपुड्याच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. उसाच्या पाचटाची, प्लास्टिकची कोपी हेच त्यांचं घर. गारपीट झाली तर आडोसा नाही. अशा कुटुंबांनी निघण्याआधी जाड ताडपत्री, दोर आणि टॉर्च घेतला आहे का, एवढं तरी गावातल्या गटानं विचारावं. गटाच्या अंतर्गत कर्जातून ही खरेदी सहज होऊ शकते.

नोंद कुणाच्या नावानं?

मोजदादीतून बायकांचं काम सुटलं, हे आधी सांगितलं. ती चूक आजही दुसऱ्या रूपात होते. वादळानं छप्पर गेलं की तलाठी, ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. घर कुणाच्या नावावर? सासऱ्याच्या, नवऱ्याच्या. तो गावाला असला, वारलेला असला, वेगळा राहत असला, की मदत अडकते आणि ज्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर गेलं तिला उत्तर मिळत नाही. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावावं, असं राज्य शासनानं २००३ सालीच ठरवलं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा आणि त्यावर आपलं नाव आहे का ते स्वतः वाचा. नसेल तर अर्ज द्या. वादळाच्या तयारीत पत्रा आवळण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे.

गारपीट, दंव आणि थंडीची लाट या सरकारच्या यादीत नैसर्गिक आपत्तीच आहेत. फळपीक विम्यात केळीसाठी थंडीचा आणि वादळी वाऱ्याचा धोका धरलेला असतो. गारपिटीनं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. म्हणून घराचे, गोठ्याचे, बागेचे फोटो नुकसान व्हायच्या आधीच काढून ठेवा. आधी काय होतं हे दाखवता आलं, तर नंतर काय गेलं ते सिद्ध करायला सोपं जातं.

दोन तिथी

तर या सगळ्या इतिहासातून आपण काय घ्यायचं? आपल्या आज्यांनी तयारीला तिथी लावली, हे त्यांचं मोठं शहाणपण. तिथी लावलेलं काम विसरलं जात नाही, ढकललं जात नाही आणि सगळं गाव ते एकदम करतं. ते शहाणपण ठेवायचं आणि त्यात एक तिथी वाढवायची. पहिली आखाजी, ती आहेच. दुसरी चंपाषष्ठी. मार्गशीर्षात घरोघर वांग्याचं भरीत होतं, खंडोबाची तळी भरली जाते. थंडी वाढायच्या आणि गारपिटीचे दिवस यायच्या आधीचा हा दिवस आपल्या ध्यानात राहणारा आहे.

चंपाषष्ठीच्या आठवड्यात गटानं मिळून घरं बघावीत. पत्र्यावरचे दगड खाली घ्या. त्याऐवजी पत्रा हुकाच्या बोल्टनं खालच्या पाइपाला किंवा वाशाला आवळा, वायसर गंजले असतील तर बदला. कडेच्या ओळीला बोल्ट जास्त हवेत, कारण वारा आधी कड उचलतो. पडवीचा पत्रा मुख्य छपरापासून वेगळा ठेवा. पडवी उडाली तरी घर राहील. छपराला धरणारी लाकडं भिंतीला तारेनं बांधलेली आहेत का, ते पाहा. फुटका सिमेंटचा पत्रा पाळण्यावर, खाटेवर येत असेल तर आजच खाट सरकवा. घरावर झुकलेली वाळकी फांदी काढा. गारा पडू लागल्या तर सगळ्यांनी स्लॅबखाली किंवा जाड भिंतीच्या खोलीत जायचं, झाडाखाली नाही. ती जागा मुलांना आधीच दाखवून ठेवा. गुरांसाठी आडोसा, कडबा झाकायला ताडपत्री, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. दारातली मोटारसायकल, पिकअप, ट्रॅक्टर यांचे दिवे, ब्रेक आणि टायर त्याच आठवड्यात तपासून घ्या आणि वादळात गाडी झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडलगत उभी करू नका.

एकटीनं हे होणार नाही. बोल्ट आवळायला शिडी लागते, धरायला माणूस लागतं. विधवा बाई, म्हातारी माणसं, बाळंतीण, यांची घरं गटानं आधी करावीत. धाबं चोपायला शेजारणी येत होत्या, तशाच आता पत्रा आवळायला याव्यात.

आणि शेवटचं. गटाच्या वहीत एक पान राखून ठेवा. कुणाचं घर बघितलं, किती बोल्ट बदलले, किती तास लागले, कोण कोण आलं, खर्च किती आला, तारखेसकट लिहा. १८८० च्या कागदात आपल्या आज्यांच्या कामाला रकाना नव्हता. आपल्या वहीत तो आपण आखू शकतो. येत्या चंपाषष्ठीला पहिली ओळ लिहा. आखाजीला दुसरी.